एक वास्तू, अनेक उपयोग

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांमध्ये, काठी नावाचे गाव आहे. फाल्गुनी पौर्णिमेस तेथे पेटणाऱ्या राजवाडी होळीमुळे हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. त्या रात्री मोरपिसांचे टोप घातलेले आणि कमरेला घुंगरू बांधलेले आदिवासी बांधव ढोलाच्या तालावर पहाटेपर्यंत नाचतात. परंतु या पाठात आपल्याला होळी पाहावयाची नाही. पाहावयाचे आहे ते या डोंगराळ मुलखातील जुन्या वळणाचे घर.

हे घर लाकडी खांबांवर उभे असते. त्याच्या भिंती बांबूच्या कुडाच्या असून त्या शेणामातीने लिंपलेल्या असतात; वर कौलांचे किंवा गवताचे छप्पर असते. घर ऐसपैस असते खरे, पण ते केवळ माणसांसाठी नसते. एका बाजूस गाईबैल व शेळ्या बांधलेल्या असतात. दुसऱ्या बाजूस चूल असते. बांबूच्या विणलेल्या मोठमोठ्या कणग्यांत ज्वारी भरून ठेवलेली असते. वर आढ्याजवळ मक्याची कणसे टांगलेली दिसतात. एकाच छपराखाली माणसांचे राहणे, जनावरांचा गोठा आणि धान्याचे कोठार ही तिन्ही नांदत असतात.

ही मांडणी अडाणीपणाची आहे असे कोणास वाटेल. पण तसे मुळीच नाही. जुन्या काळी भोवतालच्या रानात हिंस्र श्वापदांचा वावर असे. गुरे घरात असली म्हणजे ती सुरक्षित राहत. चुलीचा धूर वर चढतो, त्यामुळे कणसांना व बांबूला कीड सहसा लागत नाही. थंडीच्या रात्री एकच शेकोटी माणसांना आणि जनावरांना पुरते. म्हणजे येथे तीन उपयोग नुसते शेजारी शेजारी ठेवलेले नाहीत. एक उपयोग दुसऱ्याला साह्य करीत आहे. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. कारण पुढे मोठमोठ्या शहरांतील इमारती पाहताना आपल्याला हीच कसोटी लावावयाची आहे.

ज्या इमारतीत राहणे, व्यापार, कचेरी, शाळा, ग्रंथालय अशांपैकी दोन किंवा अधिक कामे एकत्र चालतात, तिला संमिश्र उपयोगाची इमारत म्हणतात. नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. आपल्या पेठांमधील वाड्यांत रस्त्याच्या बाजूस दुकाने असत आणि आत चौकाभोवती कुटुंबे राहत. मुंबईच्या गिरगावातील चाळी घ्या. तळमजल्यावर किराणा, शिंपी, पुस्तकविक्रेता किंवा खानावळ, आणि वर बिऱ्हाडे. दुकानदाराला गिऱ्हाईक घरबसल्या मिळे आणि बिऱ्हाडकरूला मीठमिरची जिना उतरताच मिळे.

आता प्रश्न असा, की विद्येचे घरही असे संमिश्र असू शकेल काय? ग्रंथालय आणि बाजार, अभ्यासिका आणि रहदारी, यांचे एका छपराखाली कसे जमावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण प्रथम मुंबईस जाऊ. कारण तेथील विद्यापीठाच्या एका वास्तूने दीडशे वर्षांपूर्वी ग्रंथालयाबरोबरच साऱ्या शहराचे एक काम आपल्या अंगावर घेतले होते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी पहिले पदवीधर या विद्यापीठातून बाहेर पडले. परंतु त्या वेळी विद्यापीठाला स्वतःचे घर नव्हते. शहराच्या टाउन हॉलमध्ये त्याचे कामकाज चालत असे. पुढे दोन धनिकांनी ही उणीव भरून काढली. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह उभे राहिले. ते १८७४ साली पूर्ण झाले. आणि कापसाचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली दोन लाख रुपये ग्रंथालयासाठी व आणखी दोन लाख रुपये घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव असावे अशी त्यांची इच्छा होती.

त्या काळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली ते युद्ध संपले आणि भाव कोसळले. अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांचीही अफाट संपत्ती लयास गेली. पण विद्यापीठाला दिलेले दान मात्र टिकले. स्वतःसाठी साठविलेले धन गेले, आणि दुसऱ्यांसाठी दिलेले तेवढे दगडात उभे राहिले!

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने या इमारतींचे आराखडे केले. तो मुंबईस कधी आलाच नाही. लंडनमध्ये बसून त्याने नकाशे काढले आणि येथल्या अभियंत्यांनी व पाथरवटांनी ते प्रत्यक्षात आणले. १८६९ साली काम सुरू झाले आणि १८७८ साली पूर्ण झाले. मनोऱ्याची उंची सुमारे २८० फूट, म्हणजे ८५ मीटर, आहे. त्या काळी शहरात याहून उंच इमारत नव्हती.

या वास्तूची रचना मोठी कल्पकतेची आहे. ग्रंथालय आणि मनोरा या दोन वेगळ्या इमारती नाहीत. मनोऱ्याचा पायथा हाच ग्रंथालयाचा देवडीवजा प्रवेश आहे. पूर्वी घोड्यांच्या गाड्या त्याच्या कमानीखाली येऊन थांबत. आत शिरले, की गोल जिना वर वाचनालयाच्या प्रशस्त दालनाकडे नेतो. खाली ग्रंथ आणि वाचक. त्यांच्या डोक्यावर कितीतरी उंच घड्याळ आणि घंटा. ग्रंथालय विद्यार्थ्यांचे, घड्याळ मात्र सर्वांचे! गोदीतील हमाल, कचेरीतील कारकून, बाजारातला व्यापारी, सारेच त्या तबकडीकडे मान वर करून पाहत. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि त्या सूर्यास्तापूर्वी भोजन करीत, म्हणून घंटेच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी असा मुलाचा हेतू होता, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका असो वा सत्य असो, ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हते अशा असंख्य लोकांनाही या विद्यामंदिराचा उपयोग झाला, हे तर निश्चितच सत्य आहे.

परंतु वस्तू सर्वांच्या उपयोगाची झाली, की तिच्यावर हुकूम कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. राजाबाई मनोऱ्याच्या बाबतीतही तो उभा राहिला. त्या काळी आपल्या देशभर एकच वेळ नव्हती. सूर्य पूर्वेकडील गावी आधी उगवतो आणि पश्चिमेकडील गावी नंतर. म्हणून मद्रासेची वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. रेल्वे मद्रासेच्या वेळेने चालत असे. मुंबईत हीच वेळ सर्वत्र चालावी, असा सरकारचा आग्रह होता. मुंबईकरांना तो मानवला नाही. विद्यापीठाच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावर मोठा वाद माजला. लोकमत मुंबईच्या वेळेच्या बाजूने होते, आणि १८८३ साली विद्यापीठाच्या सिनेटने मुंबईचीच वेळ दाखविण्याचे ठरविले. सरकारने मग रात्री घड्याळ उजळण्यासाठी पैसा देण्याचे नाकारले. तबकडी उजळली नाही तरी चालेल, पण काटे शहराच्या मताप्रमाणेच फिरतील, असा त्या निर्णयाचा अर्थ होता.

पुढे १९०६ साली भारतीय प्रमाण वेळ अमलात आली. आज आपल्याला एका देशाची एक वेळ हीच योग्य वाटते. सरकारचा आग्रह सोयीचा होता, असेही कोणी म्हणेल. परंतु या प्रसंगातला बोध घड्याळाच्या अर्ध्या तासाचा नाही. इमारत विद्यापीठाची, दिव्यांसाठी पैसा सरकारचा, आणि उपयोग शहराचा. अशा तीन वाटेकऱ्यांमध्ये कोणाचे ऐकावे, हा तो पेच होता. पैसा देणाऱ्यापेक्षा उपयोग करणाऱ्याचे म्हणणे विद्यापीठाने अधिक मोलाचे मानले. हा पेच आजच्या नव्या इमारतींतही तितकाच खरा आहे.

विसाव्या शतकात विद्यापीठांनी वेगळी वाट धरली. शहरे गजबजली, गिरण्यांचा धूर वाढला. तेव्हा राहण्याची जागा, कारखान्याची जागा, बाजाराची जागा व शिक्षणाची जागा निरनिराळी असावी, असे नगररचनाकार मानू लागले. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला गणेशखिंडीचे विस्तीर्ण आवार मिळाले. मुंबई विद्यापीठालाही फोर्टमधली जागा अपुरी पडू लागली, आणि त्याचे बरेच विभाग सांताक्रूझजवळ कालिना येथील विद्यानगरीत गेले. झाडी, शांतता आणि मोकळी हवा यांचा लाभ झाला; पण विद्या आणि बाजार यांच्यामध्ये एक कुंपण आले. शिवाय भर शहरात असलेल्या विद्यापीठाने करावे काय? त्याच्या भोवती मोकळी जमीन नसते, आणि असलीच तर तिची किंमत आवाक्याबाहेर असते.

कॅनडा देशातील टोरांटो शहराच्या एका विद्यापीठाने या अडचणीवर जो उपाय काढला, तो पाहण्यासारखा आहे. त्याचे पूर्वीचे नाव रायर्सन विद्यापीठ. २०२२ पासून त्यास टोरांटो मेट्रोपोलिटन विद्यापीठ म्हणतात. ते शहराच्या अगदी मध्यभागी, दुकानांच्या दाटीत आहे. २००६ साली या विद्यापीठाची व्यवस्थापनशास्त्राची शाळा एका नव्या इमारतीत गेली. त्या इमारतीच्या खालच्या मजल्यांवर मोठमोठी दुकाने आहेत, आणि वरच्या मजल्यांवर वर्ग भरतात. खाली गिऱ्हाइके सामान घेतात, आणि त्यांच्या डोक्यावर विद्यार्थी व्यापाराचे शास्त्र शिकतात!

२०१५ साली त्याच विद्यापीठाने यंग नावाच्या हमरस्त्यावर आठ मजल्यांचे विद्यार्थी अध्ययन केंद्र उघडले. या वास्तूच्या बाह्यांगावर काचेचे आवरण असून रस्त्याच्या पातळीवर दुकानांची जागा आहे. वर विद्यार्थ्यांना एकत्र बसून अभ्यास करण्यासाठी निरनिराळ्या तऱ्हेची दालने आहेत. एक मजला समुद्रकिनाऱ्यासारखा उतरता केला आहे. मुले त्या उतारावर ऐसपैस बसून वाचतात. ज्या जागी हे केंद्र उभे आहे, तेथे पूर्वी ग्रामोफोनच्या तबकड्या विकणारे एक नामांकित दुकान होते. त्याच्या दर्शनी भागी दोन प्रचंड तबकड्यांच्या आकाराची दिव्यांची पाटी होती. दुकान बंद पडले, जागा विद्यापीठाकडे आली. पण ती पाटी म्हणजे आमच्या शहराची आठवण आहे, ती जपलीच पाहिजे, असे नागरिकांनी आग्रहाने सांगितले. अखेरीस ती पाटी दुरुस्त होऊन जवळच्याच एका चौकातील इमारतीच्या माथ्यावर पुन्हा उजळली. मुंबईच्या घड्याळासारखीच ही गोष्ट नव्हे काय? विद्यापीठाची जागा शहराच्या मध्यभागी असली, की शहर तिच्यावर आपला हक्क सांगतेच.

अशी इमारत बांधणे हे घर बांधण्यापेक्षा पुष्कळ कठीण असते. पहिली गोष्ट वजनाची. दुकानाला मधे खांब नको असतात. वरच्या वर्गांना भिंती हव्या असतात. म्हणून वरचा भार खाली कोणत्या खांबांवरून पायापर्यंत न्यावयाचा, हे अभियंत्याला आरंभीच ठरवावे लागते. ग्रंथांचे वजन तर फार मोठे असते. पुस्तकांनी भरलेली एक लहानशी पेटी उचलून पाहा, म्हणजे ग्रंथालयाच्या खालची जमीन किती बळकट असावी लागते याची कल्पना येईल.

दुसरी गोष्ट आवाजाची. जेथे गडबड अधिक ते खाली, आणि जेथे शांतता हवी ते वर, असा साधारण नियम असतो. तिसरी गोष्ट वाटांची. गिऱ्हाइकांचे दार, विद्यार्थ्यांचे दार आणि माल उतरविण्याचे दार ही वेगवेगळी ठेवावी लागतात. नाहीतर परीक्षेला निघालेला विद्यार्थी गोण्यांच्या ढिगात अडकावयाचा. चौथी गोष्ट आगीची. खाली खानावळ आणि वर अभ्यासिका असली, तर खालची आग वर पोहोचू नये अशी मधली तक्तपोशी हवी, आणि धुराविना खाली उतरता येईल असा स्वतंत्र जिना हवा. पाचवी गोष्ट वेळेची. दुकाने रात्री बंद झाली तरी अभ्यासिका उघडी असू शकते. म्हणून दिवे, उद्वाहक आणि पहारा यांची व्यवस्था निराळी ठेवावी लागते. हे सारे नीट जमले, तरच उपयोगांचा मेळ बसतो. न जमले, तर नुसती खिचडी होते.

आणि हे सारे कशासाठी? एक कारण उघड आहे. दुकानांच्या भाड्यातून पैसा येतो, आणि पैशावाचून प्रयोगशाळा चालत नाहीत की पुस्तके येत नाहीत. प्रेमचंद रायचंदांसारखा दाता प्रत्येक पिढीत भेटतोच असे नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. रस्त्याच्या कडेला उंच भिंत उभी करण्याऐवजी विद्यापीठाने दार ठेवले, तर येणारा जाणारा आत डोकावतो. भाजी घ्यायला आलेली आई काचेतून वाचणारी मुले पाहते, आणि आपल्या मुलीनेही तेथे बसावे असे तिच्या मनात येते.

पण यात एक धोकाही आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. भाडे गोड असते. आज एक मजला दुकानाला दिला, उद्या आणखी एक दिला. परवा वाचनालयाची जागा आकुंचित केली. असे होता होता विद्या आपल्याच घरात भाडेकरू होऊन बसण्याचा संभव असतो. उंटाला तंबूत डोके ठेवू दिले, आणि शेवटी तंबूचा मालकच बाहेर गेला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहेच. म्हणून अशी प्रत्येक इमारत पाहताना आपण दोन प्रश्न विचारावेत. येथला एक उपयोग दुसऱ्याला साह्य करतो, की त्याला रेटून बाहेर काढतो? आणि जागेसंबंधी वाद झाला, तर येथे शेवटचा शब्द कोणाचा, भाडे देणाराचा की शिकणाराचा?

सातपुड्यातल्या घरात या प्रश्नांची उत्तरे कोणी लिहून ठेवलेली नाहीत, पण ती पाळली जातात. गोठा वाढवावयाचा म्हणून कोणी चूल मोडीत नाही, आणि बियाण्याची कणगी हलवून तेथे कोणी खाट टाकीत नाही; कारण त्या कणगीतल्या दाण्यांवर पुढच्या वर्षाचे पीक अवलंबून असते. विद्यापीठात ग्रंथालयाचे स्थान हे त्या बियाण्याच्या कणगीसारखे आहे. बाकीच्या वस्तूंची जागा बदलता येते. तिला मात्र हात लावावयाचा नसतो.

आज राजाबाई मनोरा आणि त्याच्या परिसरातील इमारती जागतिक वारसा म्हणून मानल्या जातात. २०१८ साली युनेस्कोने त्यांना हा मान दिला. मनोऱ्यावर सर्वांना चढता येत नाही. पण त्याचे घड्याळ रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला अजूनही फुकट वेळ सांगते. इकडे खानदेशासाठी १९९० साली जळगावला विद्यापीठ स्थापन झाले. आता त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. काठीच्या पाड्यावरून निघालेला मुलगा किंवा मुलगी नंदुरबारच्या महाविद्यालयात दाखल झाली, की तीही या विद्यापीठाची होते. आपल्या भागात उद्या विद्येसाठी नवी वास्तू उभी राहील, तेव्हा तिच्या तळमजल्यावर काय असावे, वर काय असावे, आणि कोणती कणगी काही झाले तरी हलवावयाची नाही, हे ठरविणाऱ्यांत मुलांनो, तुम्हीही असाल.